बजरीगारची जोडी: चोच आपटणं, भरवणं, ओरडणं आणि डोक्यावरचं टक्कल

ताई, तुमच्या प्रश्नातलं नेमकं एवढं: सांगलीत फ्लॅटमध्ये 'लव्हबर्ड' म्हणून आणलेली जोडी आहे. पिंजरा धुताना एकाला दुसऱ्या खोलीत नेलं की दोघं घर डोक्यावर घेतात. दिवसातून कितीदा तरी चोचीला चोच आपटतात, मग एक दुसऱ्याच्या तोंडात ओकल्यासारखं करतो. आणि आता मादीच्या डोक्यावर टक्कल दिसायला लागलंय. हे प्रेम की भांडण?

फोटोतली लांब शेपूट आणि मानेवर-पंखांवर काळ्या बारीक रेघा बघता हे बजरीगार, म्हणजे छोट्या जातीचे पोपट आहेत. आपल्याकडे बरेच दुकानदार त्यांना लव्हबर्डच म्हणतात. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, जाड चोचीचा असतो. हा फरक कामाचा आहे, कारण लव्हबर्डची चिडलेली मादी दुसऱ्याच्या पायाचं बोट तोडू शकते. बजरीगारमध्ये सहसा इतक्या टोकाला जात नाही, पण ढोलीवरून दोन माद्या भिडल्या तर तिथेही रक्त निघतं. नर-मादीची खात्री नाकपुड्यांभोवतीच्या भागावरून करा: प्रौढ नराचा निळा, मादीचा पांढरट ते तपकिरी. लाल डोळ्यांच्या पूर्ण पांढऱ्या किंवा पूर्ण पिवळ्या पक्ष्यात नराचाही तो गुलाबी-जांभळट राहतो, तिथे गफलत होते.

आता मुख्य गोष्ट. इशारा करणाऱ्याकडे एकट्याकडे बघून काही कळत नाही. दुसरा त्यावर काय करतो ते बघा. मागे सरकला, तिथेच थांबला की जवळ आला, यावरच सगळं ठरतं.

चोच आपटणं घ्या. गोडीगुलाबीचं असतं तेव्हा टिक-टिक असा हलका आवाज येतो. नर ताठ उभा राहतो, कपाळाची पिसं फुलवतो, डोळ्याची बाहुली बारीक-मोठी होते, मान वर-खाली हलते, मध्येच थोडं बाजूला सरकून पुन्हा येतो. मादी जागेवरच असते किंवा चोच पुढे करते. भांडणात आपटणं चोचीवर थांबत नाही. नेम पायावर किंवा नाकावर असतो, पंख उघडतात, तीक्ष्ण किंचाळी येते आणि एकाला दांडी सोडावी लागते. असं एखाद्या वेळी झालं तर सोडून द्या. पण रोज तोच पक्षी हुसकला जात असेल, खाली तळाशी बसत असेल किंवा दाण्याच्या वाटीपाशी शेवटी पोचत असेल, तर ती जोडी जमलेली नाही. लोक आवाजाकडे कान लावून बसतात आणि दांडीवर दोघांत किती जागा आहे ते बघतच नाहीत. दुपारच्या झोपेला दोघं पिसाला पीस लावून बसत असतील तर दिवसभराच्या कुरबुरीला फार अर्थ नाही.

तुम्हाला ओकणं वाटतंय ते बहुधा भरवणं आहे. नर गळ्याच्या पिशवीतलं मऊ झालेलं दाणं वर आणून मादीच्या चोचीत देतो. यात मान वर-खाली हलते, चोच चोचीत आडवी अडकते, आणि दाणा बाहेर सांडत नाही. आजारपणाच्या उलटीत डोकं डावी-उजवीकडे झटकलं जातं, दाणे गजांना चिकटतात, कपाळाची पिसं चिकट होतात, वास येतो. शंका असेल तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या आणि आठवडाभर रोज सकाळी दाणे टाकायच्या आधी वजन करा. घरचे बजरीगार साधारण ३० ते ४० ग्रॅमचे असतात. आकड्यापेक्षा घसरण बघा: नेहमीच्या वजनात १० टक्के कमी म्हणजे डॉक्टर. ३५ ग्रॅमच्या पक्ष्यात हे साडेतीन ग्रॅम होतात, हातात घेऊन ते कधीच कळणार नाही.

पिंजऱ्यात आरसा असेल तर आजच काढा. नर त्यालाही भरवतो, आरसा मागे सरकत नाही की पुढे येत नाही, आणि नर तासन्‌तास तिथेच अडकतो. मादीकडे दुर्लक्ष होतं ते वेगळंच.

ओरडण्याचं आता. पिंजऱ्यात बसून चाललेली लांबलचक बडबड बहुतेक नराची असते. त्यात त्याने ऐकलेलं सगळं मिसळलेलं असतं, भांड्यांचा आवाजसुद्धा. पण एकमेकांपासून दूर झाल्यावर येते ती साद वेगळी: छोटी, एकट्या सुराची, मध्ये थांबून पुन्हा. तो थांबा उत्तरासाठी असतो. जोडी जमताना नर आपली साद बदलत मादीच्या सादेसारखी करत नेतो, हे बजरीगारवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. त्याला काही आठवडे लागतात. त्यामुळे नवी जोडी आणि जुनी जोडी यांच्या ओरडण्यात फरक असतो. जुन्या जोडीत दोघांच्या सादा इतक्या सारख्या होतात की कुठला कोण हे आपल्या कानाला सांगता येत नाही. फोनवर रेकॉर्ड करून वेग निम्मा केला तर मात्र बारकावे ऐकू येतात.

म्हणून साफसफाईच्या वेळी एकाला दूर नेऊच नका. दोघांना एकत्र छोट्या पिंजऱ्यात हलवा. माणसाळवण्यासाठी एकेकाला बाहेर काढायचं असेल तर सवय पायरीने लावा. आधी त्याच खोलीत दोन पिंजरे शेजारी, पाच मिनिटं. मग खोलीच्या दोन टोकांना. मग मध्ये पडदा, दिसणार नाही पण ऐकू येईल असा. साद-थांबा-साद असं चाललंय आणि मागे राहिलेला दाणेही टिपतोय, तोवर ठीक. थांबा न घेता एकसारखं ओरडत गजांवरून धावायला लागला की परत आणा आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या पायरीपासून करा. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. जमलेली जोडी माणसाला फारशी चिकटत नाही, ही किंमत मोजावीच लागते. हातावर खेळणारा पक्षी हवा म्हणून जोडी तोडणं मला पटत नाही.

संध्याकाळी बाहेरून रानपोपटांचे थवे गेले की तुमचे पक्षी ओरडतील. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर उतरणारे थवे असले की जास्तच. त्यात काळजीचं काही नाही. कुणी कंठवाला देशी पोपट आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही.

टकलाबद्दल. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. तिथल्या नव्या, काट्यासारख्या पिसांवरचं आवरण सोलायला जोडीदारच लागतो, म्हणून मान वाकवून डोकं पुढे करणं हे सरळ 'इथे कर' असं सांगणं असतं. जोरात झालं तर ती चिर्र करते आणि समजूतदार नर लगेच सोडतो. काही नर सोडत नाहीत, पिसं उपटतच राहतात. म्हणजे डोकं आणि मानेची मागची बाजू एवढीच टकली, बाकी अंग नीट, तर संशय नरावर. छाती किंवा पंखाखाली उघडं असेल तर ती स्वतःच उपटतेय. चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती किंवा पायावर स्पंजसारखी भोकाभोकाची खपली असेल तर ती माइट, म्हणजे कातडीतल्या बारीक किड्यांची आहे, त्याला औषध लागतं, आणि दोघांनाही.

पडताळायला दोन-तीन आठवडे मध्ये जाळी लावा. एकच जाळी नको, तिच्यातून पाय चावला जातो. दोन जाळ्या, मध्ये साधारण दोन इंच मोकळे. एकमेकांना दिसतील, ऐकू येतील. टकलावर पांढरे काटे फुटायला लागले की उत्तर मिळालं. परत एकत्र सोडताना त्यांना चोचीचं काम द्या: ज्वारीचं किंवा राळ्याचं कणीस टांगून, पेरूची किंवा कडुनिंबाची न फवारलेली ताजी फांदी सालासकट. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही नको. अंडी घालायचं मडकं लावलेलं असेल आणि पिल्लं नको असतील तर काढून टाका. मडकं आणि रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा या दोन गोष्टींनी नर चेकाळतो. दहा-बारा तास अंधार हवा.

उजेडाचं आणखी एक. पिवळ्या-हिरव्या बजरीगारच्या कपाळ-गालांची पिवळी पिसं अतिनील किरणांत चमकतात आणि जोडीदार निवडताना पक्षी ती चमक बघतात, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. घरातल्या एलईडी दिव्यात ती जवळजवळ नसतेच. सकाळी तासभर पिंजरा गॅलरीत ठेवा, अर्धा सावलीत. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत आत घ्या. पंख अंगापासून सुटलेले आणि चोच उघडी दिसली तर ते उन्हाने धापलेलं आहे. त्या वेळी शेजारचा पक्षीही तसाच दिसेल, म्हणजे चुकायला जागा नाही.

एक जण अचानक गप्प झाला, फुगून बसला, श्वासाबरोबर शेपूट खाली-वर होतेय, आणि दुसरा सारखा त्याला टोचून उठवायला बघतोय, तर थांबू नका. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पक्षी बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते आधी फोन करून विचारा. दोघांनाही एकाच पिंजऱ्यात न्या, तळाला कागद घाला आणि तो कागद विष्ठेसकट डॉक्टरांना दाखवा. वजनाची वही आणि मोबाइलवरचा मिनिटभराचा व्हिडिओ, दोन्ही पक्षी एका चौकटीत दिसतील असा, सोबत असू द्या.