पहिलं प्रदर्शन भरवतोयस? एवढं सांभाळ

तोंडात ब्रश धरून मी बरीच वर्षं चित्रं काढतोय, त्यावरून सांगतो.

चित्राखाली अपघाताची कहाणी लावू नकोस. मी लावली होती. लोक ‘अरेरे’ करत पुढे गेले, चित्र कुणी पाहिलंच नाही. तुझी ती एसटीच्या पायऱ्यांची चित्रं पुरेशी बोलतात.

- हॉलचे पैसे भरण्याआधी स्वतः व्हीलचेअरवरून आत जाऊन ये. ‘दोनच पायऱ्या आहेत हो’ याला भुलू नकोस.
- चित्रं थोडी खाली टांग, बसलेल्याच्या नजरेसमोर.
- किंमत लिही. ‘द्याल ते’ म्हटलंस की देणगी होते.

२०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, सगळ्यांची वकिली तू करायची नाहीस. ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनालाच, प्रदर्शन भरवायचीही घाई नको, त्या दिवशी भाषणंच फार.