जावेचे पेढे आणि शवासन

प्रिय ताई,
वय 46. गेलं वर्षभर सोसायटीतल्या योगवर्गाला नियमाने जाते. पाठदुखी गेली, पण मन काही शांत होत नाही. धाकट्या जावेच्या मुलाला पुण्याला सीओईपीत कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचा फोटो आला आणि माझे हात थरथरायला लागले, श्वास धड घेता येईना. माझा मुलगा त्याच्याच वयाचा. त्याला सीईटीत मार्क कमी पडले. तो बीकॉमला गेला आणि खूश आहे. मी नाही. सासूबाई दर फोनला तोच विषय काढतात. शवासनात सर म्हणतात, ‘विचार सोडून द्या,’ आणि मला नेमकी जाऊ दिसते. एवढा योग करूनही मनात इतकं विष कसं?
– एक वाचक, नाशिक

जावेचा हेवा वाटला म्हणून तुमचा वर्षभराचा योग पाण्यात गेला, असं मुळीच नाही. तुमचे सर बोलायला सोपं आणि करायला महाकठीण असं काहीतरी सांगतायत, एवढंच. ‘विचार सोडून द्या’ म्हटलं की उरलेसुरले विचारही धावत येतात. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी असा हुकूम सोडलेला नाही.

फोटो पाहून तुमचं जे झालं, ते योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे प्रकरणात, 31व्या सूत्रात लिहून ठेवलंय. मन विखुरलं की सोबत काय काय येतं? दुःख, मनासारखं न झाल्याची चडफड, अंगाला कंप आणि श्वासाची ओढाताण. तुमच्या पत्रात चारही आहेत. त्याच्या आधीच्या सूत्रात योगातल्या नऊ अडथळ्यांची यादी आहे आणि तिची सुरुवात होते व्याधीपासून. संशय, आळस वगैरे मंडळी नंतर येतात. म्हणून विचारते, हात एरवीही थरथरतात का? धडधड होते, झोप उडालीय? तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा, थायरॉइडची तपासणी करून घ्या. ‘मनाचं आहे, होईल बरं’ म्हणत दुखणं अंगावर काढायची आपल्या बायकांना फार खोड.

आता हेव्याचं. जवळपास 195 सूत्रांत आसनांच्या वाट्याला जेमतेम तीन आलीत. तुमची पाठ बरी झाली हे छानच, पण जावेवरचा उतारा सूर्यनमस्कारात शोधू नका. तो पहिल्या पादाच्या 33व्या सूत्रात आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याविषयी आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे काणाडोळा. असं मन घडवत गेलं की ते निवळतं. हे सूत्र मला आवडतं, कारण ते गुहेत बसलेल्याला लागू पडत नाही. त्याला बिचाऱ्याला जाऊ कुठली असायला! योगसूत्रांचा अर्थ उलगडून सांगणारे जुने पंडित वाचस्पती मिश्र यांनी तर स्पष्टच म्हटलंय, की सुखी माणसाशी मैत्रीची भावना ठेवली की मनातला ईर्ष्येचा मळ जातो.

पण मैत्री नुसती डोळे मिटून, ‘तिचं भलं होवो’ म्हणून होत नाही. निदान तुम्हाला-मला तरी नाही. ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकूनही नाही. पुतण्याला थेट फोन करा. हॉस्टेल मिळालं का, मेसमध्ये पोळ्या कशा असतात, पहिल्या सेमिस्टरला कुठला विषय जड जातोय, असं काहीबाही विचारा. पहिल्यांदा आवाज घशात अडकेल. अडकू दे. पाच मिनिटं बोललात की पेढ्यांच्या फोटोतला ‘जावेचा मुलगा’ मागे पडून, घर सोडून राहिलेला एक अठरा वर्षांचा पोर समोर येईल. मग जमलं तर जावेशी बोला. वर्षभर त्या पोराच्या क्लासच्या वेळा सांभाळत ती नीट झोपली असेल का, हेही विचारण्यासारखं आहे.

सासूबाईंसाठी चौथा उपाय, काणाडोळा. त्या दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही, पण त्या बोलण्याला उत्तर द्यायलाच हवं असं कुठे आहे? ‘हो, हुशार आहे तो,’ म्हणायचं आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. गुडघ्यांपुढे सीओईपी टिकत नाही.

ग्रुप उघडण्याआधी दोन-चारदा श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडा. पतंजलींनी 34व्या सूत्रात श्वास बाहेर टाकून रोखण्याचाही पर्याय दिलाय. रोखायचं मात्र शिक्षकांसमोर शिका, मोबाइल हातात घेऊन नको. आणि महिन्याभरात जादू होईल असंही नाही. अभ्यास, म्हणजे सराव, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच पक्का होतो, असं तेच सांगतात. मधूनच हेवा उसळेल, त्या दिवशी स्वतःला झोडपत बसू नका.

राहिला तुमचा मुलगा. ‘तो बीकॉमला गेला आणि खूश आहे,’ एवढंच लिहून तुम्ही लगेच सासूबाईंवर गेलात. ‘सुखी माणसाशी मैत्री’ हे सूत्र आधी त्याच्यावरच वापरून बघा ना. घरात खूश असलेला माणूस तोच. त्याला तिथे काय आवडतंय, अकाउंट्स, कॉलेजचे मित्र की आणखी काही, हे तुम्ही त्याला विचारलंय का? पत्रात तरी काही आलेलं नाही.