नास्तिकाच्या हातचा नारळ

तुमचा प्रश्न असा आहे: विनोदी नाटकातल्या नटांना रोज तेच विनोद करून कंटाळा येत नाही का, दौऱ्यावरचं आयुष्य कसं असतं, आणि ही मंडळी एवढा नारळ-धूप करतात तर ती खरंच देवभोळी असतात का?

मी वीसेक वर्षं व्यावसायिक नाटकात विनोदी कामं करतोय. नायकाचा मित्र, घरमालक, भलत्या वेळी टपकणारा काका. नाव सांगून तुम्हाला आठवायचं नाही, चेहरा पाहिलात तर "अरे, हा तो!" म्हणाल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात माझीच गोची आहे. मी देव मानत नाही. वडील सेवादलातले. आमच्या घरी गणपती बसायचा नाही, आम्ही मोदक खायला शेजारी जायचो. आणि तरी आमच्या नाटकाचा नारळ दर गावी मीच वाढवतो. शुभारंभाच्या दिवशी हे काम एका ज्येष्ठ नटांकडे होतं. ते ट्रॅफिकमध्ये अडकले, तेव्हा दिग्दर्शकाने समोर दिसला त्याच्या, म्हणजे माझ्या, हातात नारळ कोंबला. एका फटक्यात दोन सरळ वाट्या झाल्या. त्या दिवशी हशे इतके आले की पहिला अंक दहा मिनिटं लांबला. पुढच्या प्रयोगाला ज्येष्ठ वेळेवर पोचले, पण नारळ कुजका निघाला आणि ऐन अंकात माइक गेले. झालं! तेव्हापासून मी नको म्हटलं की मॅनेजर म्हणतो, "तुमचा विश्वास नसू दे, आमचा तुमच्या हातावर आहे."

आता देवभोळे म्हणाल तर सरसकट नाही. आमच्याकडे मंगळवारचा कडक उपास करणारी नायिका आहे, विंगेत धूप फिरवणारा आमचा लाइटवाला मुसलमान आहे, आणि माझ्यासारखे दोघं-तिघं कोरडे. पण रंगमंचावर पाय ठेवण्याआधी वाकून हात लावत नाही असा एकही नाही. मीही लावतो. तिथे देव आहे म्हणून लावत नाही, हे मी स्वतःला सांगत असतो. मग कशासाठी लावतो, ते मात्र अजून धड सांगता आलेलं नाही.

आणि न मानणाऱ्यांची आमच्यात काही वाण नाही. डॉ. श्रीराम लागू तर देवाला रिटायर करा असं उघड लिहून मोकळे झाले होते. ते, निळूभाऊ फुले आणि इतर बड्या कलावंतांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे गावोगाव प्रयोग केले. चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून पैसे उभे करायचे, आणि ते कशाने, तर 1936 सालच्या एका फार्साने. भाषणं देऊन एवढी माणसं तिकीट काढून आली असती असं मला वाटत नाही.

उलट बाजूही आहे. जून 2008 मध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला, माणसं जखमी झाली. तिथे ‘आम्ही पाचपुते’ होतं, महाभारतावर बेतलेलं विनोदी नाटक, आणि त्यात देवादिकांची टिंगल आहे असा काहींचा राग होता. मला तेव्हा या धंद्यात चारेक वर्षं झाली होती. त्यानंतर कितीतरी दिवस देवादिकांवरचं वाक्य आलं की जीभ अर्धा क्षण अडखळायची. विनोदात अर्धा क्षण म्हणजे सगळंच गेलं.

कंटाळ्याचं म्हणाल तर येतो. साधारण साठ-सत्तराव्या प्रयोगाला येतो, आणि मग जातो. ‘सही रे सही’ 2002 मध्ये आलं आणि वर्षानुवर्षं चाललं. ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांवर प्रयोग झाले. प्रशांत दामल्यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये कारकिर्दीतला बारा हजार पाचशेवा प्रयोग केला. एवढं नुसतं पाठांतरावर निभत नाही. वाक्य तेच असतं, प्रेक्षक तोच नसतो. रविवारी दुपारी चारचा प्रेक्षक जेवून आलेला, सुस्त. त्याला पहिली दहा मिनिटं नुसतं जागं करायचं. पुढच्या दोन रांगांत पासवाले असले की हशा मागून सुरू होतो आणि पुढे येता येता विझतो. हशा आला की थांबायचं, पण तो पूर्ण संपू द्यायचा नाही. उतरायला लागला की त्याच्यावर पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर ऐकू जात नाही, उशीर झाला तर प्रेक्षक गार पडतो. ही जागा रोज वेगळीकडे असते. ती शोधण्यात संध्याकाळ जाते, मग कंटाळायला वेळ कुठला?

काही वाक्यं मात्र गाव बदललं की मरतात. डोंबिवलीत टाळी घेणारा आमचा फास्ट लोकलचा विनोद नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृहात एवढ्या शांततेत पडला की एसीचा आवाज ऐकू आला. गोव्यात तर फजितीच झाली. बायकोपासून बाटली लपवण्याचा माझा पाच मिनिटांचा प्रसंग, हमखास हशाचा. मडगावच्या रवींद्र भवनात कुणी हूं की चूं नाही. प्रयोगानंतर एक वयस्क गृहस्थ आत आले आणि अगदी काळजीने म्हणाले, "पूण तो बाटली लिपयता कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोंड्याला आम्ही बाटलीऐवजी लॉटरीचं तिकीट लपवलं. बरं चाललं.

दौऱ्याबद्दल लोकांना वाटतं, मजाच मजा. पहिले दोन दिवस असतेही. बसमध्ये जागा ठरलेल्या. ज्येष्ठ पुढे, मधे आम्ही, शेवटची लांब सीट बॅकस्टेजच्या पोरांची. प्रयोग रात्री बाराला संपतो. आमचा मेकअप उतरतो तेव्हा त्यांचं खरं काम सुरू होतं. सेट खोलायचा, टेम्पोत भरायचा, रात्रभर गाडी, आणि दुपारी दुसऱ्या गावात तोच सेट उभा करायचा. आम्ही निदान हॉटेलवर आडवे तरी होतो. त्या गावात प्रयोग लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने ठेवलेलं जेवण तोवर गार झालेलं असतं. पुरीभाजी. वीस वर्षांत गरम पुरी मी मोजून चार वेळा खाल्ली असेल. बायकांचे हाल त्याहून वाईट. रात्री दोनला हायवेवर स्वच्छ बाथरूम असलेला ढाबा कुठे आहे, हे आमच्या ड्रायव्हरला तोंडपाठ आहे आणि म्हणून त्याला कुणी काही बोलत नाही.

पैसे नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर घरी. लॉकडाऊनमध्ये याचा अर्थ आम्हाला नीट कळला.

आणि घर. दौऱ्यावरून परतलो की पहिला दिवसभर मी मोठ्याने बोलतो, शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसं. बायको म्हणते, "बाल्कनीत कुणी नाहीये, हळू बोल." माझा एकही विनोद तिला हसवत नाही, कारण सगळे तिने तालमीच्या वेळी ऐकलेले असतात. मुलीने लहानपणी एकदा शाळेत सांगितलं होतं, माझे बाबा रात्री कामाला जातात आणि लोक त्यांना हसतात.

एक राहिलं. त्या नारळाचं पुढे काय होतं? खोबऱ्याचे तुकडे विंगेत फिरतात, नको म्हणता येत नाही. माझी एंट्री पहिल्या पाच मिनिटांत असते, त्यामुळे माझं पहिलं वाक्य जवळजवळ दर प्रयोगाला घशात खोबरं अडकूनच येतं. मागे एका समीक्षकाने त्या आवाजाचं खास कौतुक केलं होतं.