सोलापुरात शाळा सुटल्यानंतरचा मोफत वर्ग सुरू करायचा आहे. मुलांचा गृहपाठ करून घ्यावा की वेगळे काही शिकवावे?

अशोक चौकाजवळ आपल्याकडे एक खोली आहे, दोन पदवीधर तरुण शिकवायला तयार आहेत, आणि नोंदणी कशी करावी व संध्याकाळचे दोन तास कशासाठी वापरावेत, असे आपण विचारले आहे. नोंदणीचे शेवटी लिहिते, कारण ती कोणीही करून देईल. गृहपाठाविषयी मात्र माझे मत ठाम आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांचा गृहपाठ उरकून देणे हे अशा वर्गाचे काम नव्हे, आणि ज्या संस्था तेवढेच करतात त्या मुलांचा वेळ वाया घालवतात.

पूर्व भागातल्या एका संस्थेच्या वर्गावर मी बरीच वर्षे शिकवले. बहुतेक मुले विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरची. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. त्यांत चौथीतली एक मुलगी होती. तिची परिसर अभ्यासाची वही संस्थेचे एक विश्वस्त येणाऱ्या प्रत्येक देणगीदारापुढे ठेवीत, कारण अक्षर वळणदार, खाडाखोड कुठेही नाही आणि पानोपानी बाईंची लाल खूण. एका संध्याकाळी त्याच वहीतले ‘भीमा नदीवर उजनी धरण आहे’ हे वाक्य काढून मी तिला वाचायला सांगितले, तर तिने जराही न अडखळता भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून दाखवले. ‘उजनी’ कुठे लिहिले आहे तिथे बोट ठेव, असे म्हटल्यावर ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली आणि अखेर ‘नदीवर’ या शब्दावर तिने बोट टेकवले. फळ्यावरचा आणि गाईडमधला मजकूर ती रांगोळीचे ठिपके जोडावेत तसा उतरवून घेत होती, आणि आमचा वर्ग त्या कामी तिला रोज दोन तास मदत करीत होता.

मी तिची वही बाजूला ठेवली. वस्तीतली नववीची एक मुलगी आधी तेलुगूत गोष्ट सांगे, मग तीच गोष्ट मी मराठीत सांगे, आणि त्यातले शब्द आम्ही कार्डांवर लिहून जमिनीवर मांडत असू. मात्रा आणि वेलांट्या लवकर बसल्या, जोडाक्षरांनी फार दिवस घेतले. पुढे घरच्या शिधापत्रिकेवर आईचे नाव चुकीचे लिहिले आहे, हे तिनेच आईला दाखवले. पण तोवर शाळेकडून गृहपाठ अपुरा असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या होत्या, आणि तिची आईही विचारायला आली. त्या बाईचे म्हणणे रास्त होते. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तपासणीत काही विड्या बाद होतात, आणि विडीची तोंडे दुमडायला बसणारे दोन हात आम्ही संध्याकाळी काढून घेतले होते. त्या बदल्यात निदान भरलेली वही तरी दिसावी, एवढीच तिची अपेक्षा होती. मुलीने तिच्यासमोर गोष्ट वाचून दाखवल्यावर तिने पुन्हा कधी वही मागितली नाही. विश्वस्त मात्र ऐकेनात. देणगीदाराला दाखवायचे काय, हा त्यांचा एकच प्रश्न होता. गृहपाठ सक्तीचा झाला आणि मी ते काम सोडले.

त्यांना तेव्हा सांगितले तेच आपल्याला सांगते. देणगीदारापुढे मुलाला बसवा आणि त्याने कधी न पाहिलेला परिच्छेद वाचू द्या. याहून खरा पुरावा नाही. मुलांना वाचन आणि गणित कितपत येते हे देशभरच्या ग्रामीण भागात तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०१८ साली पाचवीतील ५०.५ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, २०२२ साली हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. आपली वस्ती शहरी असली तरी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला एकट्याने जवळ बसवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट या क्रमाने वाचायला द्या आणि ते जिथे अडते तिथल्या गटात घाला, मग ते तिसरीचे असो वा पाचवीचे. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने हीच पद्धत देशभर वापरली आहे आणि तिच्यासाठी महागडे साहित्य लागत नाही.

वेळ ठरवताना आधी वस्तीतल्या बायकांना विचारा. काही दिवसांआड नळाला पाणी येते, आणि पाण्याच्या दिवशी मोठ्या मुली वर्गाला येत नाहीत; त्यांची गैरहजेरी मांडण्याऐवजी त्या दिवशी वर्ग उशिरा भरवा. उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग बंद ठेवू नका, सकाळी लवकर घ्या. वर्गात कोणतीही एक प्रौढ व्यक्ती मुलांसोबत एकटी राहणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

माझे म्हणणे आठवी ते दहावीच्या मुलांना जसेच्या तसे लागू होत नाही. त्यांच्यापुढे बोर्डाची परीक्षा असते, आणि त्यांना शाळेच्या अभ्यासात मदत लागतेच. लहान मुलांच्याही बाबतीत, शाळेत मार बसण्याची किंवा अपमान होण्याची भीती असेल तर शेवटची पंधरा मिनिटे गृहपाठाला द्यावीत. आणि आपल्या वर्गात काय चालते ते शाळेच्या बाईंना स्वतः जाऊन सांगावे, म्हणजे निम्म्या तक्रारी मिटतात.

आता नोंदणी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट) नोंदवता येतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था काढायची असेल तर किमान सात सभासद लागतात. दोन्हींसाठी धर्मादाय कार्यालयात जावे लागते, आणि देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत हवी असल्यास त्या विभागाची मान्यता वेगळी घ्यावी लागते. उद्देशांच्या कलमात ‘शिकवणी’ किंवा ‘गृहपाठ’ असे न लिहिता ‘वाचन, लेखन व गणिताची पायाभूत क्षमता’ असे स्पष्ट लिहून घ्या. उद्या विश्वस्त बदलले आणि कोणी भरलेल्या वह्या मागू लागले, तर आपल्याला त्याच कलमाचा आधार घ्यावा लागेल.