सेक्टर आठ, पण कुठला?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

एसी दुरुस्तीसाठी ऐरोलीत गाळा घेतलास, हाताखाली पाच मुलं उभी केलीस, वाचून डोळे भरले. काकांनी तुला कॉपरच्या पाइपचं तोंड जोडणीसाठी पसरवायला, म्हणजे फ्लेअर करायला, शिकवलं तो दिवस मला अजून आठवतो. आता मार्च लागलाय, फोन थांबत नाही, वहीतले कॉल सुटतायत, म्हणून कॉल सांभाळणाऱ्या तीन सॉफ्टवेअरचे भाव पाठवून तू विचारलंस, ‘काकू, यातलं कुठलं घेऊ?’

आधी आमचं काय झालं ते ऐक. एका ऐन हंगामात आम्हीही असं सॉफ्टवेअर घेतलं होतं. विकायला आलेल्या माणसाने लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले आणि आम्ही अकरा जणांचे वर्षाचे पैसे भरून टाकले. आमची मुलं खिडकीच्या ग्रिलला टेकून, एका हाताने एसीचं बाहेरचं मशीन धरून काम करणारी. त्यांना प्रत्येक कॉलमागे चौदा रकाने भरायचे होते, तेही इंग्रजीत. ती रात्री घरी जाताना लोकलमध्ये आठवून भरायची. करंट किती, प्रेशर किती, सगळीकडे ‘ओके’. दोन महिन्यांत आम्ही वहीवर परत आलो. आमची माहिती परत मागितली तर शेकडो पानांची पीडीएफ हातात पडली. त्यातले एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार केलेले, ग्राहक मी आणि काकांनी रात्री जागून एक्सेलमध्ये उतरवले. तो त्रास तुला होऊ नये असं फार वाटतं.

म्हणून पैसे भरण्याआधी चाचणीचे दिवस मागून घे आणि ॲप सगळ्यांत आधी तुझ्या सर्वांत जुन्या मेकॅनिकच्या फोनवर टाक. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये, जिथे रेंज जाते, तिथे त्याला एक कॉल पूर्ण करायला लाव: आधीचा आणि नंतरचा फोटो, बदललेला कपॅसिटर, ग्राहकाची सही. वर रस्त्यावर आल्यावर ते सगळं आपोआप चढलं पाहिजे. ‘ऑफलाइन चालतं’ असं सगळेच सांगतात. बऱ्याचदा त्याचा अर्थ रेंज नसताना कॉलची यादी दिसते एवढाच असतो, भरलेलं टिकत नाही. कॉल दोन मिनिटांत बंद करता आला नाही तर मे महिन्यात तो माणूस काही भरणार नाही, आणि तो भरणार नसेल तर बाकीच्या सोयी घेऊन करायचं काय? भाषा मराठी किंवा हिंदी करता येते का, तेही त्याच्याच हातून तपास.

आता पत्ता. सिडकोने नवी मुंबईत प्रत्येक नोडचे, म्हणजे ऐरोली, वाशी अशा प्रत्येक उपनगराचे, सेक्टर पुन्हा एकपासून मोजलेत. सेक्टर ८ ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, वाशीत आहे, नेरुळातही आहे. एकदा घाईत ‘सेक्टर आठ’ एवढंच ऐकून मी मुलाला नेरुळला धाडलं. बाई ऐरोलीत, घरात तान्हं बाळ, एसी बंद. ठाणे-बेलापूर रोडवरून तो उलटा येईतो संध्याकाळ झाली. त्यानंतर नोड विचारल्याशिवाय मी कधी फोन ठेवला नाही. तेव्हा नोड, सेक्टर, सोसायटी, विंग, फ्लॅट असे वेगळे रकाने पाडता येतात का, ते बघ. कॅनडाचं जॉबर, अमेरिकेचं सर्व्हिसटायटन ही याच कामाची कसलेली सॉफ्टवेअर आहेत. सर्व्हिसटायटन ज्या दोघांनी काढलं त्यांचे वडील कंत्राटदारच होते, त्यामुळे धंद्याची नस त्यांना सापडली. पण ती तिथल्या धंद्याची. आपल्याकडे विंग विचारावी लागते, गेटवर परवानगीसाठी थांबावं लागतं, आणि पैसे यूपीआयने येतात.

सगळ्यांत जास्त वेळ मशीनच्या नोंदीवर घालव. एका फ्लॅटमध्ये तीन एसी असतात, हॉलचा नवा आर-३२ गॅसवर, बेडरूमचा जुना आर-२२ वर. ग्राहकाच्या नावाखाली नुसतं ‘गॅस भरला’ लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षी दुसरा मुलगा चुकीचा सिलिंडर घेऊन जाईल आणि फेरी वाया जाईल. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, तो गॅस आहे हे जाणाऱ्याला निघण्याआधीच कळायला हवं. प्रत्येक मशीनला स्वतःचं पान पाहिजे: सीरियल नंबर, गॅस, बसवल्याची तारीख, वॉरंटी, कधी काय बदललं. सहा महिन्यांत एकाच मशीनमध्ये दोनदा गॅस भरलेला दिसला की गळती शोधायची, कारण वापरून गॅस संपत नसतो. काका हे सगळं डोक्यात ठेवायचे. ते गेल्यावर अर्ध्या ग्राहकांच्या मशीनचा इतिहास त्यांच्याबरोबर गेला, आणि मी फोनवर ‘बघून सांगते’ म्हणत राहिले. तुझा एखादा मुलगा उद्या सोडून गेला तरी त्याने पाहिलेलं तुझ्याकडे राहू दे.

बिलावर १८ टक्के जीएसटी बहुतेक सॉफ्टवेअर लावतात. अडतं ते टीडीएसपाशी, म्हणजे पैसे देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो त्या करापाशी. समज, महापेच्या एका कंपनीचं एएमसीचं बिल ५०,००० रुपये, वर ९,००० जीएसटी. धंदा तुझ्या एकट्याच्या नावावर, म्हणून कंपनी मूळ रकमेचा १ टक्का, म्हणजे ५०० रुपये कापून ५८,५०० पाठवेल. सॉफ्टवेअरला टीडीएस कळत नसेल तर ते ५०० कायम येणे दाखवतं, आणि वर्षअखेर खरी उधारी त्यात शोधावी लागते. डेमोत हेच बिल करून दाखवायला सांग. हिशेबाच्या टॅलीत कसं जातं ते तुझ्या अकाउंटंटला बघू दे.

भाव बहुतेक ठिकाणी माणशी, महिन्याचा असतो. एप्रिल-मेमध्ये तू नऊ जण लावशील, पावसात पुन्हा पाच राहतील, तेव्हा ॲपमधल्या माणसांच्या जागा महिन्याच्या महिन्याला कमी-जास्त करता आल्या पाहिजेत. व्हॉट्सॲपवर आपोआप जाणाऱ्या मेसेजचे पैसे वेगळे किती, ते लेखी घे. सोडताना सगळं एक्सेलमध्ये, फोटोंसकट मिळेल, हेही लेखी घे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या क्विकबुक्ससारख्या मोठ्या नावानेही २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली.

आणि कुठला मुलगा कुठे आहे ते दाखवणारं लोकेशन. ते चालू करण्याआधी पाचही जणांना समोर बसवून सांग, कामाच्या वेळेतच बघेन म्हणून, आणि तसंच वाग. उन्हात गच्चीवर राबून जेवायला टेकलेल्या पोराला ‘अर्धा तास एकाच जागी का?’ असं विचारू नकोस.

पाडव्यापर्यंत वहीत प्रत्येक कॉल नीट लिही: कधी आला, कोण गेलं, दुसरी फेरी लागली का, कशामुळे लागली. पाडव्याला ती वही आणि तुझा जुना मेकॅनिक, दोघांना घेऊन ठाण्याला ये. तिन्ही ॲप त्याच्या फोनवर टाकून आणा, जेवण झाल्यावर एकेक उघडून बघू. त्याला चार्जरही घ्यायला सांग.

तुझी,
काकू