फॉस्फेटेजचं काम सुरू करतेस? आधी एवढं सांभाळ

खानापूरहून रोज बस धरून बेळगावला प्रयोगशाळेत येतेस, म्हणून मोजकंच सांगतो. डीअ‍ॅसिटिलेज, यूबिक्विटिन काढणारी एन्झाइम्स (प्रोटीनवरच्या इतर खुणा उतरवणारी) सध्या बाजूला ठेव. कायनेज प्रोटीनवर फॉस्फेट चढवतं, फॉस्फेटेज ते उतरवतं. एवढं हाताखाली पक्कं होऊ दे.

सुरुवातीच्या ठरलेल्या चुका:

- पेशी फोडल्या म्हणून फॉस्फेटेज थांबत नाही. नळीतही फॉस्फेट उतरवतच राहतं आणि ब्लॉट (फॉस्फेट असलेलं प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) कोरा येतो. म्हणून सगळं बर्फावर कर, आणि इनहिबिटर (फॉस्फेटेजला अडवणारं रसायन) बफरमध्ये आधीच घाल: सेरीन-थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरचं फॉस्फेट उतरवणाऱ्यांसाठी सोडियम फ्लोराइड, टायरोसीनवरचं उतरवणाऱ्यांसाठी ऑर्थोव्हॅनाडेट.
- एन्झाइमची क्रियाच मोजायची असेल तर मात्र हे इनहिबिटर नकोत. फॉस्फेट बफरही नको, ट्रिस घे.

पहिला प्रयोग पीएनपीपीचाच (फॉस्फेट उतरलं की पिवळं होणारं रसायन) कर. रंगहीन द्रावण डोळ्यांदेखत पिवळं होत जातं, फार छान वाटतं बघायला! 405 नॅनोमीटरला मोज. एन्झाइम न घातलेली नळी शेजारी हवीच, कारण पीएनपीपी आपोआपही थोडं पिवळं पडतं. रंग वेळेबरोबर सरळ रेषेत वाढतोय, तेवढ्यातलेच आकडे धर.

अडलीस तर मराठीत विचार, कन्नडमध्ये विचार, पण त्याच दिवशी विचार.