झिरार्दुफ: गिरणीआधी वस्ती पाहा

वॉर्सात एक दिवस मोकळा आहे, पोलंडमधल्या झिरार्दुफ या गिरणीच्या गावाला जावं का, की नुसत्या जुन्या विटांच्या इमारतीच आहेत, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. अंतर साधारण ४५ किलोमीटर, ट्रेन थेट आहे.

गावाला नाव मिळालं फिलिप द जिरार या फ्रेंच संशोधकाचं. जवसाच्या तंतूंचं सूत काढणारं यंत्र त्याने बनवलं. अशा यंत्रासाठी नेपोलियनने दहा लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं होतं, ते बिचाऱ्याला कधीच मिळालं नाही. १८३३ मध्ये इथली लिननची, म्हणजे जवसाच्या सुताच्या कापडाची, गिरणी सुरू झाली. खरी भरभराट मात्र १८५७ नंतरची, हिले आणि डिट्रिख या मालकांच्या काळातली.

उतरल्यावर आधी कामगारांच्या घरांच्या रांगांतून फिरा. उघड्या लाल विटांची, बसकी, एकाला एक लागून असलेली घरं. मुकादमांची जरा मोठी, अधिकाऱ्यांची त्याहून ऐसपैस, आणि बागेत डिट्रिखचा बंगला, जिथे आता संग्रहालय आहे. कोण कुठल्या पायरीवर होता ते घर पाहूनच कळतं. पाळणाघर, शाळा, दवाखाना, धुलाईघर, सगळं कंपनीचं. ही अख्खी वस्ती टिकली म्हणूनच २०१२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

मालकांच्या या उदारपणाचं कौतुक तिथे खूप ऐकायला मिळेल. मला ते अर्धवट वाटतं. १८८३ च्या एप्रिलमध्ये मजुरी कापली गेली, तेव्हा कांड्या भरणाऱ्या बायकांनी काम थांबवलं. बघता बघता हजारो कामगार बाहेर पडले. सैन्याने गोळीबार केला, त्यात तिघे गेले. पण संप मोडला नाही, कपात मागे घ्यावी लागली. पोलिश भूमीवरचा हा पहिला मोठा सार्वत्रिक संप, आणि तो बायकांनी सुरू केला! त्या रांगांतून चालताना हे डोक्यात असू द्या.

पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गिरणी मार्सेल बुसाक या फ्रेंच उद्योगपतीच्या गटाकडे होती. कामगारकपातीने गाव पोळलं. १९३२ मध्ये कामावरून काढलेल्या एका कर्मचाऱ्याने संचालकाला वॉर्सात गोळ्या घातल्या आणि प्रकरण देशभर गाजलं. युद्धानंतर गिरणी सरकारी झाली, साम्यवाद गेल्यावर बंद पडली.

जुन्या सूतगिरणीत आता लॉफ्ट फ्लॅट आहेत. फोटो तिथलेच जास्त फिरतात, पण वेळ कमी पडला तर तेच वगळा.